छातीवरचं तालमीचं नाव

सोमशेखर हुक्केरी आमच्या गल्लीत राहायचा. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात कामाला, वय बेचाळीस. रोज सकाळी तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एकटाच पळायचा, किलोमीटरला साडेसहा मिनिटं.

२००१ साली बिंदू चौक ते कागल शर्यतीत तो आमच्या गल्लीतल्या तालमीचं नाव छापलेला बनियन घालून उतरला. तालमीची माणसं मोटारसायकलवरून त्याच्या कानाशी ओरडत राहिली. लाजेखातर तो सुसाट सुटला आणि गोकुळ शिरगावला पायात गोळे येऊन रस्त्याकडेला बसला. ज्यांनी त्याला पळवलं, त्यांनीच वर्षभर चौकात त्याची टिंगल केली. मला आजही त्या माणसांची चीड येते.

पुढच्या वर्षी त्याला फक्त कागल गाठायचं होतं. उचगावजवळ तालमीचा विजयसिंह पुन्हा मोटारसायकल घेऊन शेजारी आला.

"अण्णा, वरातीत चाललाय काय? सगळी फुडं गेली. तालमीची इज्जत हाय की."

सोमशेखरने घड्याळ पाहिलं आणि वेग तोच ठेवला.

"न्हाय जमत तर बसा गाडीवर मागं. गेल्या साली नेलंच की घरला."

पळता पळताच सोमशेखरने तालमीचा बनियन काढला आणि त्याच्या अंगावर फेकला.

"ही घे तुझी इज्जत. जा घेऊन कागलला."

उघड्या अंगाने, त्याच वेगाने तो कागलला पोहोचला, शेवटून तिसरा. शर्यतीचा नंबर बनियनवरच राहिल्याने निकालात त्याचं नाव लागलं नाही. त्याने विचारलंही नाही. तालमीची पायरी मात्र तो पुन्हा चढला नाही.