आग्रहाची विनंती

चाकणहून परतताना कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसे आणि तेलकट बोटं रुमालाला पुसून मगच वही उघडे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी स्पॅनिश कागदांचं भाषांतर करतो हे कळल्यावर त्याने स्पेनहून आलेल्या, पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या पाटीतले शब्द दाखवले: 'से रुएगा'.

"मूळ क्रियापद 'रोगार'. म्हणजे विनंती करणं," मी सांगितलं. "पण फार औपचारिक. पाट्यांवर, पत्रांत वापरतात."

"म्हंजी लगीनपत्रिकेतल्यावानी?"

माझ्या शब्दकोशातही अर्थ इतका नेमका दिलेला नव्हता.

त्याच प्रेसमध्ये त्याच्या जोडीच्या कामगाराचं बोट गेलं होतं. 'सक्त मनाई' अशी साहेबांची चकचकीत लाल पाटी तेव्हाही वर होतीच. आठवड्याभरात याने तिच्याखाली आपली पाटी लावली: 'प्रेस चालू असताना हात आत न घालण्याची आग्रहाची विनंती.'

"पोरं हसत असतील," मी म्हणालो.

"लई! आहेर आणायचा का, इचारत्यात." तो खुशीत वही मिटत म्हणाला, "पन भाऊ, हसाया थांबत्यात, तवा हात भाईर असतो."