पाणकणीस, शिसं आणि आमची लॅब

कॉलेजच्या कुठल्याही लॅबमध्ये रीडिंग कमी आणि किस्से जास्त जमतात. नव्वदच्या दशकात चंद्रपूरला मी बॉटनीत रिसर्च करायचो, तेव्हाचे तर अजून पुरून उरलेत!

*

एका कोळसा खाणीच्या नाल्यात कंबरभर पाण्यात उभं राहून आमचे लॅब अटेंडंट शमीमभाऊ गवतासारखं उंच पाणकणीस उपटत होते. मध्येच थांबून म्हणाले, "मॅडम, या पाण्यात मासोळी टिकत नाई, अन् हे काऊन डोलून राह्यलं?"

माझ्या गाइड मॅडम काठावरून म्हणाल्या, "विषारी धातू ते मुळाशीच अडवतं. थोडे वर चढलेच, तर पेशीतल्या पिशवीत कोंडून ठेवतं."

"म्हंजे आमच्या साळ्यावानी! कितीबी सुनवा, तोंडावर काईच नाई!"

*

मॅडमनी मला मुळं धुवायला सांगितली. त्यांच्यावर गंजासारखा लाल थर होता. मी टूथब्रश घेऊन दुपारभर घासला, मुळं पांढरीशुभ्र केली.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, त्या थरातच तर धातू धरलेले असतात! धुवायला सांगितलं होतं, लग्नाला न्यायची नव्हती!"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नाल्यात.

*

वाळलेली कणसं मी कपाटावर ठेवली होती. मे महिन्यात, माझी तोंडी परीक्षा चालू असताना, ती पंख्याखाली फुटली. लॅबभर कापूस! नागपूरच्या एक्स्टर्नल सरांच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

मी म्हणालो, "सर, बीजप्रसार."

"दिसतोय," सर म्हणाले आणि शिंकले. पास केलं!

*

त्याच नाल्यातली नाळीची भाजी खुडून सुलोचनाबाई बाजारात विकायच्या. आम्ही भाजी तपासली, तर पानांत शिसं निघालं. मॅडमनी स्वतः जाऊन सांगितलं.

बाईंनी हातातली जुडी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाल्या, "भाजी तं हिरवीगार हाय. माह्या लेकरांले बी हेच खाऊ घातलं, मॅडम."

त्या दिवसापासून त्यांनी खुडणं बंद केलं. मॅडमनी खाणीला पत्रावर पत्र लिहिलं. शेवटी खाणीचे एक साहेब पाहणीला आले. समोसा खात खात नाल्याकाठी फिरले आणि म्हणाले, "पाणी एकदम स्वच्छ आहे. उगाच घाबरवू नका लोकांना."

सुलोचनाबाई पदर खोचून नाल्यात उतरल्या. ताजी जुडी खुडली, साहेबांपुढे धरली. "घ्या साहेब. पैसे नोको. घरी न्या, तुमच्या बाईसाहेबाले द्या, लेकरांले द्या."

साहेब दोन पावलं मागे सरकले.

"आज उपास आहे आमच्या घरी," ते म्हणाले.

अर्धा समोसा हातातच होता!