भर पावसात आटलेला नाला

काळ्या समुद्राकाठच्या बातुमीत डॉक्टरकी शिकायला गेल्यावर सुरुवातीला आम्ही समुद्राकडेच बघत राहिलो. शहराच्या पाठीशी डोंगर होते, पण ते बहुतेक वेळा ढगात बुडालेले असत. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली तेव्हा चौघांनी ठरवलं, गाडी भाड्यानं घ्यायची आणि नदीच्या कडेनं पार वरच्या गावांपर्यंत जायचं.

चौघं म्हणजे मी, माझी रूममेट आणि दोन सीनियर मुलं. रूममेट तुमसर तालुक्यातली, आंबागडच्या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याची. मी पवनीकडची, आसगावची. दोघी एकाच भंडारा जिल्ह्यातल्या, पण भेटलो थेट काळ्या समुद्राकाठी, होस्टेलच्या स्वयंपाकघरात. गाडी चालवणारा हरियाणाचा होता. चौथा केरळच्या डोंगराळ भागातला, मुळातच कमी बोलणारा. त्या दिवशी तर तो खिडकीला डोकं टेकवून नुसता बाहेर बघत होता.

निघालो तेव्हा पाऊस होता. बातुमीत पाऊस असतोच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पण जसजसे वर गेलो तसतसं नदीचं पाणी लाल, घट्ट होत गेलं आणि त्यातून अख्खी झाडं मुळांसकट वाहत येऊ लागली. वळणांवर रस्त्यात दगड पडलेले दिसत. आधी मुठीएवढे होते, मग घागरीएवढे. हरियाणाचा ते चुकवत गाडी काढायचा आणि दर वेळी खुशीत शिटी वाजवायचा.

मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसले होते. रूममेटनं ते पाहिलं.

"काई नाई होत ना माय," ती म्हणाली. "आंबागडच्या पोरीसंग हायेस तू. पहाडाले काहून भेऊन राहिली?"

आसगावला नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या, सपाट शेतं. तिथं जमीन पायाखाली असते. इथं ती डोक्यावर होती, ओली आणि जड.

एका वाडीत बेकरी दिसली म्हणून थांबलो. तेवढ्यात बाबांचा फोन आला. घरी धानाची रोवणी चालू होती. मागे बायांचा आवाज येत होता.

"कुठी हायेस बाई?"

"पहाडात आलो बाबा, फिराले."

"पानी हाये का तिकडं?"

"हाये. सकाळपासून."

"मंग कायले गेले वं अशा पान्यात?" ते पुढेही काही म्हणाले, पण आवाज तुटला. त्यानंतर आमच्यातल्या कोणाच्याच फोनला रेंज आली नाही.

बेकरीवाल्या बाईनं आम्हाला गरम रोटी दिली आणि आम्ही वरच्या रस्त्याकडे बोट दाखवताच जोरजोरात मान हलवली. "आरा, आरा," ती म्हणाली. आरा म्हणजे नाही, एवढं आम्हाला कळत होतं. मग तिनं तळहात तिरपा धरला आणि झपकन खाली आणला.

"आगे उतार है, बोल रही है," हरियाणाचा म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. शेजारच्या घरातली माणसं गाद्या, कपाट, शिवणयंत्र बाहेर काढून ट्रॉलीत भरत होती. रूममेट म्हणाली, "लगन असन कोणाचं." पण त्या माणसांत कोणी हसत नव्हतं. एक म्हातारा घराच्या भिंतीवर हात ठेवून नुसता उभा होता.

वाडी मागे पडली. पुढच्या वळणाला डोंगरावरून एक नाला रस्त्यावर येत होता आणि पलीकडे दरीत पडत होता. आम्ही बऱ्याच अंतरावर होतो तेव्हा तो पांढरा फेस उडवत धावत होता. जवळ येईपर्यंत तो बारीक झाला. आणि आमच्या डोळ्यांदेखत थांबला. पाऊस मात्र तसाच कोसळत होता.

"रोक," केरळचा म्हणाला.

"क्या हुआ?"

"इतनी बारिश में नाला सूखता है क्या? ऊपर कुछ अटक गया है. पीछे ले. अभी."

त्याचा आवाज इतका हळू होता की मला त्याचीच भीती वाटली. हरियाणाच्यानं एकदा त्याच्याकडे, एकदा वर धुक्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घ्यायला लागला.

तेव्हाच गवताचे भारे लादलेला एक छोटा ट्रक वाडीकडून आला. पुढं एक नवराबायको बसलेली, पन्नाशीची असतील. आम्ही काचा खाली करून ओरडलो, हात हलवले. त्या माणसानंही हसून हात हलवला. आम्ही पाहुणे, राम राम करतोय असंच त्याला वाटलं असणार. ट्रक आम्हाला ओलांडून वळणावर गेला.

आधी लाकूड मोडल्यासारखे आवाज आले. मग पूर्ण उतार, वरच्या झाडांसकट, उभाच्या उभा खाली सरकला. झाडं पडली नाहीत. ती तशीच उभी राहून खाली आली. नंतर चिखलाचा लोंढा आला आणि वळण दिसेनासं झालं.

वाडीतले लोक फावडी घेऊन धावले. आम्हीही धावलो. ट्रक रस्त्याच्या कडेला अर्धा गाडलेला होता. बाई जिवंत होती. तिची मांडी फाटून रक्त वाहत होतं. दोन वर्षं आम्ही नसांची नावं पाठ केली होती. जिवंत माणसाला हात लावायची ती पहिलीच वेळ. रूममेटनं ओढणी काढून घट्ट बांधली आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. माझ्या मांडीवर त्या बाईचं डोकं होतं. ती एकच नाव पुन्हा पुन्हा घेत होती. कोणाचं, हे विचारावं लागलं नाही. तिच्या नवऱ्याला काढायला लोकांना बराच वेळ लागला, आणि काढलं तेव्हा त्यांनी टोप्या उतरवल्या.

वाडीच्या खालच्या रस्त्यावरही दरड पडली होती. रस्ता मोकळा होईपर्यंत त्याच बेकरीवालीनं आम्हाला घरात ठेवलं. जखमी बाईला हेलिकॉप्टरनं नेलं. ती वाचली, असं नंतर कळलं. रेंज मिळाल्यावर बाबांना फोन लावला. "बोल," ते म्हणत राहिले, "बोल तू, बोलत राय."

आता मी घरी राहून, इथं डॉक्टरकी करायला लागणाऱ्या परीक्षेची तयारी करते. रूममेट तुमसरला एका दवाखान्यात आहे. हरियाणाचा आता गाडी चालवत नाही.

मागच्या पावसाळ्यात केरळच्याचा फोन आला. मी बांधावर होते, बाया रोवत होत्या. दरडीच्या भीतीनं त्याच्या गावाला घरं सोडायला सांगितलं होतं आणि त्याची आई तयार नव्हती. तो अजून बातुमीतच नोकरीला, इतक्या लांब. "क्या बोलूँ उनको?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आपण काय पाहिलं ते सांग. झाडं उभी राहून खाली आली, ते सांग. त्या दिवसाबद्दल त्यानं घरी कधीच काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, आई शाळेतल्या छावणीत जाऊन राहिल्या आहेत. त्या वेळी तिथला डोंगर काही खाली आला नाही. पाऊस ओसरल्यावर त्या परत घरी गेल्या. यंदा घरामागच्या विहिरीचं पाणी भर पावसातही खाली खाली जातंय, असं त्यांनी त्याला सांगितलं आहे.