मंडईतल्या भुताची हाक

मंडईचा शेवटचा दिवस होता. नणंदेच्या दारात रेंगी (दोन बैलांची हलकी गाडी) जुंपली तेव्हा धुकं इतकं होतं की बैल दिसतच नव्हते, नुसत्या घुंगरमाळा वाजत होत्या. सगळ्यांच्या आधी मी चढून बसले.

"वयनी, परवा झालं, काल झालं. आता काय पाह्याचं राह्यलं तुमचं?" नणंद म्हणाली.

"पाळण्यात बसायचं राहिलंय," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

मंडई म्हटलं की तुम्हाला भाजीबाजार वाटेल, म्हणून आधी सांगून टाकते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चांद्याच्या पूर्वेला वैनगंगेच्या काठाकाठाने, दिवाळी सरली की गावोगाव जत्रा भरते, तिला मंडई म्हणायचं. उंच बांबूला मोरपिसं बांधलेल्या ढाली नाचवत गुरं राखणारे गोवारी येतात, दंडारीत बाप्ये लुगडी नेसून नाचतात, पाळणे येतात, तंबू येतात. आणि लांब दिलेल्या लेकी एकमेकींना भेटतात. मी चांद्याहून सावली गावापर्यंत धुळीच्या मोटारीने, पुढे बैलगाडीने दरवर्षी येते ती ढाली पाहायला नाही. मोठीला भेटायला येते.

मोठी म्हणजे माझी थोरली बहीण. ती दिली नदीपल्याड, आरमोरीच्या अंगाला. जायला काय, एक डोंगा (अख्खं खोड कोरून केलेली नाव) आणि थोडी पायवाट. पण तिच्या आणि माझ्या सासरचं एका लग्नाच्या पंगतीवरून फाटलं. कोणाला आधी वाढलं, कोणाला मागून वाढलं, एवढ्यावरून! तेव्हापासून दोन्ही घरांनी एकमेकांचा उंबरा सोडला. तिच्या घरी मी जायचं नाही, आणि माझ्या नणंदेच्या दारात तिच्याकडचं माणूस फिरकणार नाही. मंडई मात्र कोणाच्या मालकीची नाही. म्हणून दरवर्षी पाळण्याशी भेटायचं, समोरासमोरच्या खोक्यांत दोघींनी बसायचं, मग हात धरून भुताच्या तंबूत जायचं आणि किंचाळत बाहेर यायचं. पिकल्या केसांच्या दोन बाया! या वर्षी मात्र दोन दिवस मी पाळण्याशी उभी राहिले आणि मोठी आली नाही.

वाटेत धुकं विरलं. बांध्यांमध्ये कापलेलं धान आडवं पडलं होतं, त्याचा ओला गोडसर वास येत होता. तळ्यात छातीभर पाण्यात उभ्या राहून ढिवरांच्या बाया शिंगाडे तोडत होत्या. एकीने लुगड्याच्या ओट्यातून मला ओंजळभर दिले. मी सोलून अर्धे खाल्ले, अर्धे पदरात बांधले. कोणासाठी, ते नणंदेने विचारलं नाही.

मंडईत पाळणेवाला मला आता ओळखायला लागला होता. लाकडी पाळणा तो, चार खोक्यांचा, दोघं जण हाताने ओढून फिरवायचे.

"आजबी एकल्याच का बाई? समोरच्या खोक्यात वजन पाह्यजे. नाई तं तुम्ही खालीच राहसान."

"येईल रे बाबा माझं माणूस."

"येते तवा येते. तोवर समोर धानाचं पोतं ठेवू का?"

"पोत्यासोबत झुलायला मी चांद्याहून नाही आले," मी म्हटलं. त्याचा जोडीदार इतका हसला की त्याच्या हातातून दांडा सुटला.

दुपार कलली तशी मोठ्या ढाली गावाकडे परतल्या. मी भज्यांच्या दुकानासमोर नणंदेजवळ जाऊन टेकले. भजे गरम होते, मिरची जहाल होती, आणि डोळ्यांत पाणी यायला मला चांगलं निमित्त मिळालं. शेजारी दोन अनोळखी बाया बसल्या होत्या.

"तंबूत जाऊ नोको वो माय," एक दुसरीला सांगत होती, "औंदाचं भूत खरं हाय. नाव घेऊन हाक मारते."

"कोनाचं नाव?"

"का मालूम. चिमी म्हनते. चिमी आली का, चिमी आली का. म्या तं तोंडात पदर कोंबला अन् पळाली."

"बरं केलं. पयल्या हाकेले ओ देल्ली का संपली बाई."

भजं माझ्या हातातच राहिलं. चांद्यात मला कोणी चिमी म्हणत नाही. सासरी ते नाव कोणाला ठाऊकसुद्धा नाही. चिमी म्हणणारं या जगात आता एकच माणूस उरलं आहे.

मी उठले. नणंद म्हणाली, "काऊन वो, कुठी?" मी म्हटलं, "भुताकडे."

तंबूत मी एकटी कधी गेले नव्हते. काळ्या घोंगड्या टांगलेल्या, पायाखाली काही मऊ लागायचं, वरून दोऱ्या चेहऱ्यावर घसरायच्या. दरवर्षी इथे मोठीचा हात असायचा, तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला रुतायच्या. आता रिकामा हात कुठे ठेवावा तेच समजेना. तेवढ्यात कोपऱ्यातून घोगरा आवाज आला.

"चिमी आली का?"

लहानपणापासून ऐकलेलं, अंधारातल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. पुन्हा आवाज आला, या खेपेला अगदी रडवेला. "अवो, चिमी आली का?"

"ओ," मी म्हटलं. "मीच चिमी."

"हे भगवान! कुठी होत्या बाई तुम्ही? ओरडून ओरडून माहा गळा बसला." चुना आणि काजळी फासलेलं एक तोंड पुढे आलं. "मी तुमच्या बहिनीच्या गावचा. इथी रोजीनं भूत झालो. मोठीबाई म्हने, माही बहीन तंबूत गेल्याबिगर राहात नाई, तिथंच सांग."

"मग बाहेर येऊन शोधायचं की रे!"

"मालक सोडते का? म्हनते, भूत फुकट दिसलं तं आत कोन येईन?"

मोठीची सासू श्रावणात गेली होती. वर्षभर त्या घराला सण नाही, मंडईत पाय टाकायचा नाही. "पन नदीवर बसाले कोनी मना नाई केली," भूत म्हणालं. "रोज डोंग्यानं अल्याड येते, रेतीवर बसते, अन् अखेरच्या डोंग्यानं जाते. तुमची वाट पाहून राह्यली ते. पळा बाई, दिवस बुडाले आला."

बाहेर आले तर नणंद दारातच उभी. कापडाच्या भिंतीतून तिने सगळं ऐकलेलं. तिच्याच माहेरचं ते भांडण, आता ही काय म्हणते? ती माझ्याकडे पाहायलाच तयार नव्हती. नवऱ्याला ओरडून म्हणाली, "अवो, बैल जुंपा लवकर. मले नदीवर हातपाय धुवाचे हायेत."

बैल पळवत आम्ही घाटावर आलो. रेतीवर कोणी बसून दबलेली जागा होती, भोवती शिंगाड्यांच्या काळ्या टरफलांचा ढीग. डोंगा नदीच्या मध्यावर गेला होता, मंडईवरून परतणाऱ्यांनी काठोकाठ भरलेला.

"मोठे!" मी ओरडले.

डोंग्यात एक पांढरं डोकं वळलं आणि मोठी उभीच राहिली. डोंगा एका अंगाला कलला. "बस वो बुढे, बुडवतं का साऱ्याइले!" नावाडी गरजला. दोघांनी तिला धरून खाली बसवली. पण तिचा आवाज बसला नाही. पाण्यावरून सरळ माझ्यापर्यंत आला.

"चिमेऽऽ!"

"ओऽऽ!"

ती हाक मारत राहिली, मी ओ देत राहिले. पुढे तिचा शब्द फुटेनासा झाला, नुसता सूर यायचा. मी त्यालाही ओ दिली. पल्याडच्या रेतीवर ती केव्हा उतरली, ते अंधारात दिसलं नाही. नणंद पाण्यात उभी राहून पाय धूत होती, केव्हाचे स्वच्छ झालेले.

चांद्याला परतून आता पुष्कळ दिवस झाले. पदरातले शिंगाडे वाळून दगड झाले, तरी मी टाकले नाहीत. तिन्हीसांजेला परकोटाच्या बाजूने कोणी कोणाला हाक मारली की शेजारणी सांगतात, आजी, पहिल्या हाकेला बोलू नका. मी हसते. मी पहिल्याच हाकेला ओ देते.