राक्षसाला पाणी कोणी दिलं?

मधुकर गेल्याची बातमी मला शेजारच्या अण्णाजींनी दिली. कचेरीत नकाशावर वाकलेला असतानाच त्याने मान टाकली होती, आणि मी नेमका त्या दिवशी रजेवर. बातमी सांगून निवृत्त हेडमास्तरांच्या ठसक्यात अण्णाजी म्हणाले, "देवमाणूस हो! दर रविवारी आपल्याला टीव्ही दाखवायचा." मला शिसारी आली. आधी त्यांची, मग माझी. आज महिना झाला, पण ती जात नाही.

मधुकर आणि मी एकाच कचेरीत नकाशे काढायचो. मधल्या सुट्टीत एकाच डब्यात हात घालायचो. त्याच्या बायकोच्या, शांतावहिनींच्या हातच्या वांग्याच्या भाजीवर तर मी तुटून पडायचो. त्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, हे मला ठाऊक होतं, आणि मी कसा जातपात मानत नाही याचा मला अभिमानही होता. कचेरीत अभिमान बाळगायला काय जातं... बघायला घरचं कोणी नसतं.

प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही मधुकरने आणला. रविवारी सकाळी हलत्या चित्रांची एक अद्भुत मालिका लागायची आणि अख्खी गल्ली त्याच्या सतरंजीवर यायची. येताना प्रत्येक जण घरून पाण्याची बाटली आणायचा. "मुलांना घरचंच पाणी लागतं," असं ठरलेलं उत्तर होतं. माझी बायकोही आणायची आणि मी ती बाटली मुकाट्याने धरून बसायचो. मधुकरला हे दिसत नव्हतं असं नाही. तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "एका पावलासाठी किती चित्रं काढली असतीन गा! अन् आपण एक नाला काढता काढता दमतो."

एका रविवारच्या भागात मातीचा एक राक्षस होता. गावाचं धरण फुटतं आणि तो रात्रभर भगदाडात आडवा पडून पाणी अडवतो. सकाळी गाव नाचतं, ढोल वाजतात, वेशीचं दार बंद होतं. राक्षस अर्धा विरघळलेला, बाहेरच बसलेला. तिथेच भाग संपला. लगेच सतरंजीवर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, तो झोपला असेल. समोरच्या काकू म्हणाल्या, "त्याले बाहेरच बरं वाटत असंल वं, सवय असते." अण्णाजींनी निकाल दिला, "त्याचं कर्तव्य होतं, त्याने केलं. म्हणून काय राक्षसाला गावात घ्यायचं?" सगळे माना डोलवत होते. मधुकरची मुलगी सुजाता तेव्हा नऊ वर्षांची होती. डोळे पुसत तिने विचारलं, "पण त्याले पाणी तरी दिलं काय कोणी?"

तेवढ्यात शांतावहिनी ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन दारात आल्या. निळ्या फुलांचे नवे कप होते. अण्णाजी उठले, "आमचं आत्ताच झालं." काकूंचंही आत्ताच झालेलं निघालं. मधुकरने बाकी कोणाकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. बायको शेजारी होती, अण्णाजी दारात थांबले होते. मी म्हणालो, "माझंही आत्ताच झालं, वहिनी."

दुसऱ्या दिवशी त्याने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे विचारलं, "माहा डबा चालते तुले. मंग घरचा चहा काहून नाही चालत गा?" आणि निर्लज्जपणा असा की मी त्या डब्यातली भाजी खाल्ली... पुढच्या रविवारी जाऊन सतरंजीवरही बसलो. राक्षसाचं काय झालं ते मला बघायचं होतं! पण मालिकेत गोष्टच दुसरी सुरू झाली, तो पुन्हा दिसला नाही. मधुकरने दार मात्र कधी लावलं नाही. फक्त तो ट्रे परत बाहेर आला नाही.

याला पाच वर्षं झाली. परवा त्याच्या घरी शोकसभेला सगळे जमलो. अण्णाजी मधुकरच्या दिलदारीवर बरंच बोलले, काकूंनी पदर डोळ्यांना लावला. कोपऱ्यात प्रत्येकाची बाटली होतीच. भाषणं संपून लोक पांगले, मी मागे राहिलो. टीव्हीच्या डोक्यावर तोच ट्रे ठेवलेला होता, निळ्या फुलांचे कप पालथे घातलेले. घशाला कोरड पडली होती. म्हटलं, "सुजाता, थोडं पाणी देशील?"

ती आता चौदा वर्षांची आहे. तिने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. घरात शिकलेली रीत असल्यासारखी ती म्हणाली, "पण काका, तुमचं तं आत्ताच झालं असते ना?"