बिबट्याला "बसा" म्हणालो, त्याची गोष्ट

आमच्या घरी बिबट्या रविवारी आला, हे फार वाईट झालं. इतर कुठल्याही वारी आला असता तर मी चाकणला कंपनीत असतो आणि माझ्या शौर्याबद्दल घरच्यांचा जो काही समज होता तो शाबूत राहिला असता.

दिघीत आमचं तळमजल्याचं घर. मागे छोटंसं अंगण, अंगणाला भिंत आणि भिंतीपलीकडे लष्कराची हद्द, म्हणजे नुसती झाडी. त्या सकाळी आई (आमच्याकडे येऊन वर्षं झाली, पण बोली अजून लातूरचीच!) पायरीवर बसून माझ्या मुलीची, मिठूची, वेणी घालत होती. माझी बायको वैशाली स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांना कोथिंबीर निवडत उभी होती. मी नळाजवळ दात घासत होतो. आणि भिंतीवर बिबट्या आला.

आला म्हणजे धाडकन उडी मारून वगैरे नाही हो! आधी तिथे भिंत होती, मग तिथे बिबट्या होता. कोवळ्या उन्हात अंग असं झळकत होतं की आत्ताच कुणी रंगवून ठेवलंय. समोरच्या शेवग्यावर कलकलणाऱ्या साळुंक्या एकदम गप्प. त्याने आईकडे पाहिलं. मिठूकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. आईने वेणीचा पेड न सोडता पोरीला हळूच मांडीजवळ ओढून घेतलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

आता घरचा कर्ता पुरुष म्हणून मी काहीतरी करणं भाग होतं. केलं. तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस, अशा अवस्थेत मी म्हणालो, "या... या ना. बसा."

तो बसला नाही. त्याने एक लांबलचक जांभई दिली (अहाहा, काय ते दात! मी आपला ब्रश तोंडातून काढून मागे लपवला), भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घरच्यासारखा चालत गेला आणि पलीकडे उतरला. एक पान वाजलं नाही.

पोहे करपल्याचा वास आला तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले, ते दिवस मावळेपर्यंत!

"केवढा होता हो!" वैशाली म्हणाली.

"अगं, मी दोघींच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिलो म्हणून बरं!" मी छाती काढून म्हणालो.

"मध्ये उभे राहिला नाहीत, मध्ये अडकलात. नळ तिथे होता."

"आणि बाबा त्याला 'बसा' म्हणाले!" मिठूने तेवढ्यात बॉम्ब टाकला.

"म्हनू दे गं," आई म्हणाली. "आल्या-गेल्याला बसाच म्हनायचं आसतंय."

वरच्या मजल्यावरचे जाधवभाऊ (मूळचे दिघीचेच, त्यामुळे बिबट्यावर पहिला हक्क त्यांचा) बातमी ऐकून धावत आले. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग शेजारच्या गल्लीतले आले, त्यांना सांगितलं. दुपारी वैशालीची बहीण संत तुकाराम नगरहून रिक्षा करून आली, तिच्यासाठी मी ब्रश घेऊन पुन्हा नळाजवळ उभा राहिलो. प्रत्येक चहाला बिबट्या वीतभर वाढत होता. चार वाजेपर्यंत तो छोट्या टेम्पोएवढा झाला, आणि मी त्याच्यावर गरजलो होतो!

"गरजला व्हय?" जाधवभाऊ म्हणाले. "मंग आमाला वर कसं ऐकू आलं न्हाई?"

पण एक गंमत सांगतो. कुणीही सांगत असो, बिबट्याने आमच्याकडे पाहिलं त्या ठिकाणी गोष्ट आली, की आवाज आपोआप खाली यायचा. वैशाली सांगता सांगता थांबायची. मिठू म्हणायची, "त्याच्या मिशासुद्धा दिसत होत्या." आणि आई हात जोडायची. "येवढं ताकदीचं जनावर, पन कसलीच घाई न्हाई. मला वाटलं, ह्यो अंगनाचा मालक हाय, आन् आपुन भाडेकरू."

आम्ही सगळे त्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिलो. रात्री मिठू आजीला चिकटून झोपली, आणि खरं सांगायचं तर खोलीत तिसरं अंथरूण माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत निघायच्या आतच वनखात्याचे लोक आले. ठसे पाहिले आणि साहेबांनी विचारलं, "तुम्ही नक्की काय केलंत?"

"काही नाही," वैशाली म्हणाली. "हे जागचे हललेच नाहीत."

"उत्तम!" साहेब म्हणाले. "पळाला नाहीत, ओरडला नाहीत, पाठ दाखवली नाहीत. असंच करायला हवं!"

झालं! सोसायटीने पुढच्या रविवारी सभा ठेवली. विषय: बिबट्या समोर आल्यास काय करावं. वक्ता: मी! मला शाल दिली, नारळ दिला, हातात माइक दिला. समोर शंभरेक माणसं, आणि पुढच्या रांगेत आई, वैशाली, मिठू. त्या तिघींसमोर गरजण्याची सोय नव्हती.

"एवढा धीर तुम्ही कुठून आणलात?" एका आजोबांनी विचारलं.

"धीर कसला आजोबा," मी म्हणालो, "पाय लटपटत होते. उचलतच नव्हते."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! आजोबा डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, याला म्हणतात विनय!"

वैशालीने तोंडात ओढणी कोंबली. आता आळंदी रोडवरच्या आणखी दोन सोसायट्यांनी मला भाषणाला बोलावलंय, आणि वैशाली म्हणते, विनयाची जरा प्रॅक्टिस करून जा.