उपरण्याखालची परीक्षा

तिसगावच्या बैलबाजारात सूर्यभान दलालाचा शब्द चालत असे. घेणारा आणि विकणारा यांच्या मध्ये उभा राहून तो उपरण्याखाली दोघांचे हात आळीपाळीने धरायचा. तोंडाने बोलणे नाहीच. जितकी बोटे दाबली तितका आकडा. भर गर्दीत एका वेळी चार सौदे त्याच्या डोक्यात चालत. बाजार समितीतली माझी हिशेबनिसाची नोकरी आता संपत आली, पण सूर्यभानला अपघात होईपर्यंत त्याचा आकडा चुकल्याची तक्रार माझ्या टेबलापर्यंत कधी आली नव्हती.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी एका उधळलेल्या खोंडाने त्याला बाभळीच्या बुंध्यावर आपटले. डोक्याची जखम भरली. पण पुढच्याच महिन्यात त्याने एका गिऱ्हाइकाचा आकडा दुसऱ्याच्या हातात दाबला. शेवगावचा व्यापारी गोरक्षनाथ ओरडला, "सूर्यभान, खोंडानं धडक दिली का आपली अक्कल दिली?" सारा बाजार हसला. त्या दिवसापासून सूर्यभान बाजारात येईना. घरी पाहुणा आला तर मागच्या दाराने निघून जाई.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितले, मेंदूचे काम कसे चालते याची चाचणी करून घ्या. ती घेणाऱ्या बाई पुण्याहून येतात. सूर्यभान खचलाच. "नापास झालो की येरवड्याला धाडत्याल," म्हणाला. त्याचा मेहुणा बन्सी, तोही दलालच. त्याने धीर दिला, "दाजी, मी शेजारी बसतो. तुमी निस्ता हात द्या." मला वाटले, आधाराचे बोलतोय.

दवाखान्यात बोलणे सोपे जावे म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. परीक्षा नीट जावी म्हणून सूर्यभानने उपास धरला होता. रात्रभर पाढे म्हटल्याने डोळे लाल झालेले. माणूस अधू दिसू नये म्हणून चष्मा मुद्दाम घरी ठेवलेला.

बाईंचे नाव दीनाबाई. बोलणे आमच्याच भागातले. बन्सी सूर्यभानला अगदी खेटून बसला आणि दोघांच्या मांड्यांवर उपरणे पसरले. "थंडी वाजती त्यांना," म्हणाला. चैत्र चालू होता.

बाईंनी आधी कंदील, दोरी, घागर अशी तीन नावे सांगून ध्यानात ठेवायला सांगितली. मग आकडे सांगून ते परत म्हणायला लावले. सूर्यभान एकही आकडा चुकला नाही. त्याचा चेहरा खुलला. मग बाईंनी विचारले, "मघाशी मी कोणत्या वस्तू सांगितल्या होत्या?"

उपरणे हलले.

"तीन," सूर्यभान ठामपणे म्हणाला.

"कोणत्या तीन?"

उपरणे जोरात हलले. "तीनच, बाई. कमी न्हाई, जास्त न्हाई."

बाई उपरण्याकडे बघत राहिल्या. "माझे वडील तिसगावच्याच बाजारात बैल विकायचे," त्या हळूच म्हणाल्या. बन्सीने पोळल्यासारखा हात ओढला. "आता येरवडाच," सूर्यभान पुटपुटला आणि त्याची मान छातीला टेकली. मलाही कुठे बघावे कळेना.

"सूर्यभानराव, यात पास-नापास नसतं, आणि येरवड्याला कुणी धाडत नाही. तुम्ही कुठं अडखळता तेच मला बघायचंय. बन्सीभाऊंचं डोकं शाबूत आहे हे आज कळलं. तुमचं बघायचं राहूनच गेलं."

मग खाल्ले का, झोपलात का, गोळ्या कोणत्या, असे त्यांनी विचारले. तो जमिनीकडे बघून उत्तरे देत होता. "आज नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला झोप घेऊन, जेवून या. चष्मा आणि चालू गोळ्या आणा. आत एकट्यानंच यायचं. घरच्यांना मी वेगळं विचारीन. वेळ लागेल, दमलात तर थांबू. आणि आठवलं नाही तर सरळ तसं सांगा. माझ्या लेखी तेही उत्तरच."

परतताना एसटीत बन्सी पुटपुटला, "दाजी, कंदिलाला बोट कुठलं लावू?" सूर्यभान हसला नाही. त्याने उपरण्याची घडी करून पिशवीच्या तळाशी कोंबली.

पुढच्या खेपेला उपरणे त्याने दारातच बन्सीकडे दिले. दुपारी बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता. "लई ठिकानी आठवलं न्हाई," एवढेच बोलला. "न्हाई म्हनून सांगितलं."

बाईंनी समजावले ते असे: एक सौदा त्याच्या ध्यानात राहतो, दुसरा आला किंवा गलका झाला की दोन्हींची सरमिसळ होते. म्हणून गर्दीपासून लांब, एका वेळी एकच सौदा करायचा आणि आकडा दोनदा विचारून घ्यायचा. वर्षाने पुन्हा बघू.

आता तो बाजाराच्या कडेला, पाण्याच्या हौदाजवळ उभा राहतो. पहिल्या दिवशी तिथे त्याच्याकडे आला तो नेमका गोरक्षनाथच. सूर्यभानने उपरण्याखाली त्याचा हात धरला, बोटे दाबून घेतली आणि थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मालक, पुन्हा एकदा दाबा. एकदा दाबून ध्यानात राहत न्हाई माझ्या."

गोरक्षनाथने सावकाश पुन्हा बोटे दाबली. सूर्यभान ओठांतल्या ओठांत आकडा घोळवत, मान वर न करताच विकणाऱ्याकडे वळला.